अप्पांची सायकल परत मिळणेबाबत

विषय : श्री. सोनवणे ऊर्फ अप्पा, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार इंदिरानगर, नाशिक, यांना डोंगरी सायकल परत मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने स्वतःच्या मुलाला उद्देशून, सूनबाईंमार्फत सादर केलेला अर्ज.

वरील विषयी सांगायचं ते असं, की सायकल अप्पांच्या घराखालच्या पार्किंगमध्येच आहे. तिला साखळी आणि कुलूप आहे. किल्ली मुलाकडे, म्हणजे अमोलकडे आहे. अप्पांना सायकल हवी आहे आणि अमोलला ती द्यायची नाही. प्रकरण एवढंच. पण आम्ही जन्मभर सरकारी ऑफिसात होतो, त्यामुळे एवढ्याशा प्रकरणालाही पार्श्वभूमी जोडावी लागते. ते काम माझ्याकडे आलं, कारण दुसरं कुणी उरलेलं नाही.

किस्से असेच साठतात. आम्ही चौघं होतो तेव्हा ते चौघांत वाटलेले असायचे. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने दुरुस्ती करायची, तिसऱ्याने शेवट आधीच सांगून टाकायचा. मग एकेक जण चार्ज सोडत गेला. एक वारले, एक पुण्याला लेकीकडे गेल्या, एकाच्या लक्षात राहिनासं झालं. तिघांचेही किस्से माझ्या टेबलावर येऊन पडले. चार्ज घेतला म्हणून माझी सहीसुद्धा कुणी घेतली नाही.

*

निवृत्तीनंतर आम्हा चौघांच्या हातात डॉक्टरांनी जवळजवळ एकच चिठ्ठी ठेवली होती. कुणाची साखर, कुणाचे गुडघे, कुणाचं दोन्ही. सायकल चालवा. त्यामुळे बोरसे साहेब, सोनवणे अप्पा, मी आणि कुलथे मॅडम सकाळी जॉगिंग ट्रॅकच्या कोपऱ्यावर जमू लागलो. बोरसे साहेब आमचे अधीक्षक होते. अप्पा त्यांच्या हाताखालचे वरिष्ठ लिपिक. मी अप्पांच्या मागून लागलेला. मॅडम टायपिस्ट, आमच्यात सगळ्यात नव्या. म्हणजे त्यांनाही निवृत्त होऊन दोन पावसाळे झाले होते.

साहेबांची सायकल काळी, उंच, दांडीवाली. त्यांच्या लग्नातली असावी. मॅडमची पुढे जाळीची टोपली असलेली, भाजीसाठी घेतलेली.

अप्पांची सायकल त्यांची नव्हतीच. ती अमोलची. अमोल घरी बसून कॉम्प्युटरवर परदेशातल्या कुणाची तरी कामं करतो. लॉकडाऊन उठल्यावर त्याला डोंगर दिसू लागले आणि त्याने ही सायकल मागवली. पुढे शॉकअप, मागे शॉकअप, मनगटाएवढे टायर, तेलावर चालणारे डिस्क ब्रेक, आणि बसल्या बसल्या सीट खाली जावी म्हणून हँडलला एक बटण. कड्यावरून उतरायला बनवलेली सायकल, असं अमोल सांगायचा. दोन-तीन रविवारी तो गेला. मग त्याची पाठ धरली आणि सायकल कव्हरखाली गेली.

अप्पांना हे बघवेना. खरेदी केलेली वस्तू विनावापर पडून राहिली, की ऑडिटला आक्षेप निघतो, असं ते अमोलला रोज जेवताना सांगू लागले.

अमोल म्हणाला, "पप्पा, घरात कोण ऑडिट करणार?"

"मी," अप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कड्यावरून उतरायच्या सायकलीवरून दुधाच्या पिशव्या घेऊन आले.

*

त्या सायकलीबद्दल अप्पांची एकच तक्रार होती. स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, कॅरियर नाही. एवढी रक्कम मोजली ती नसलेल्या गोष्टींसाठी का, असं ते विचारत. शेवटी माझ्याबरोबर ते दुकानात गेले आणि चारही वस्तू बसवून द्यायला सांगितलं. दुकानदाराने सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि हात जोडले.

"काका, वरातीचा घोडा नांगराला जुंपायला सांगताय तुम्ही."

घंटी तेवढी बसवून दिली. तीही आमच्या समोर नको म्हणून आत नेऊन.

मग त्याची नजर माझ्या सायकलीवर गेली. ती माझ्या नातवाची. तो शिकायला हैदराबादला गेला आणि सायकल, एक कॅरमबोर्ड आणि बरेच बूट माझ्या ताब्यात आले. तिच्या नळीवर ज्वाळांच्या चित्रात मोठ्या अक्षरात 'माउंटन' लिहिलेलं आहे. गिअर आहेत, पण साखळी त्यातल्या एकावरच राहते. दुसरीकडे नेली तर पडते. पुढे स्प्रिंग आहे, पण ती दाबली जात नाही. हे सगळं दुरुस्त होईल का, असं मी विचारलं.

दुकानदार बराच वेळ शोक व्यक्त केल्यासारखा उभा राहिला. म्हणाला, "ही बिघडलेली नाही, काका. ही अशीच आहे."

माझ्या नोकरीच्या गोपनीय अहवालात इतकं नेमकं कुणी लिहिलं नाही.

*

आमची जायची जागा ठरलेली. पाथर्डी फाट्यावरून लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी, तिथून मागच्या बाजूच्या कच्च्या रस्त्याने चढून एका चिंचेपर्यंत, आणि परत. चालायचा क्रमही ठरलेला: सेवाज्येष्ठतेनुसार. पुढे बोरसे साहेब, मग अप्पा, मग मी, शेवटी मॅडम. हा नियम कुणी केला नव्हता. पहिल्या दिवशी आम्ही आपोआप तसे लागलो आणि मग तसेच राहिलो. साहेबांना ओलांडून पुढे जाणं आमच्या कुणाच्याही पायात नव्हतं.

साहेब हळू जायचे. फार हळू. चढावर तर पायी जाणाऱ्या बायका आमच्याशी बोलत बोलत पुढे जात. त्यांच्यामागे अप्पा, जिल्ह्यातल्या सगळ्यात समर्थ सायकलीवर, दोन्ही ब्रेक दाबून. इतक्या कमी वेगात तोल राखायला त्यांचं हँडल सारखं डावी-उजवीकडे व्हायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस वाट शोधतोय.

एकदा साहेब चढावर जवळजवळ थांबलेच. थांबले नाहीत, पण चाललेही नाहीत. पुढे जागा भरपूर होती. अप्पांनी पुढे जाण्याऐवजी ब्रेक दाबला, सायकल जागच्या जागी उभी राहिली, एक क्षण तशीच राहिली, आणि मग अप्पा सावकाश, सायकलीसकट, आडवे झाले. खडकावरून उडी मारून सुखरूप टेकावं म्हणून बनवलेली सायकल उभ्या उभ्या पडली.

साहेबांनी मागे वळून विचारलं, "काय झालं, सोनवणे?"

"काही नाही साहेब. आपण चला," अप्पा जमिनीवरून म्हणाले.

मॅडम शेवटून म्हणाल्या, "मला चढ येतो हो. मला सेवाज्येष्ठता नडते."

*

त्याच चढावर रविवारी तरुण पोरं यायची. हेल्मेट, गॉगल, गुडघ्यांना ढाली. आमच्याकडे त्यांचं लक्ष नसे, पण अप्पांची सायकल दिसली की ती थांबत. एकदा एकाने अप्पांना कडेला नेलं आणि खाली दाखवलं. तिथे रस्ता सोडून माणूसभर खोल उतार होता, आणि त्यावर चाकांच्या खुणा.

"काका, इथून मारा ना. या गाडीला काही होत नाही."

अप्पांनी वाकून नीट पाहणी केली. मग म्हणाले, "गाडीची हरकत नसेल. पण गाडी मुलाच्या नावावर आहे आणि या कामाला त्याची पूर्वपरवानगी घेतलेली नाही."

पोरगा हसला नाही. तो म्हणाला, "मग घेऊन ठेवा काका. अशी गाडी वाया घालवू नका."

फाट्यावर उतरून आल्यावर अप्पा मला म्हणाले, "वैद्य, त्याचं म्हणणं बरोबर आहे. आपण तिला फक्त दुधाला नेतो."

त्यानंतर ते सायकलीशी जरा आदराने वागू लागले. दुधाच्या पिशव्या हँडलला न अडकवता हातात धरायचे.

*

मग एकदा आम्ही सायकली बदलल्या. चिंचेपासून फाट्यापर्यंत, उताराला. कल्पना अप्पांची. रीतसर चार्ज देऊन-घेऊन.

मी त्या सायकलीवर बसलो आणि खरं सांगतो, मला तो उतार लागलाच नाही. खड्डे होते, दगड होते, रोज ज्या ठिकाणी मी उतरून चालतो ती पावसाने खाल्लेली घळही होती. सगळं माझ्याखालून निघून गेलं, मोठ्या साहेबाच्या सहीसाठी फाइल जाते तसं. मी न घाबरता खाली आलो. आणि खाली आल्यावर त्याचीच भीती वाटली. इतकी वर्षं भीतीच्या जोरावर जगलेला माणूस, ती नसली की कशाला धरणार?

अप्पा माझ्या सायकलीवरून बऱ्याच वेळाने आले. साखळी पडली होती, हात काळे झाले होते, दात वाजत होते. पण चेहरा असा, जसा मी त्यांच्या निरोप समारंभातही पाहिला नव्हता.

"वैद्य, आज रस्ता कळला," ते म्हणाले. "एकेक दगड कळला. त्या गाडीवर काही कळतच नाही. मधेच बघतो तर आपण कुठे आलो, तेच ध्यानात येत नाही."

ही तक्रार सायकलीबद्दल आहे, असं आम्ही सगळ्यांनी समजलं.

*

बोरसे साहेब गेले ते झोपेत. त्यांच्या मुलाने काळी सायकल भंगारवाल्याला देण्याआधी आम्हाला विचारलं, एवढं खरं. आमच्यापैकी कुणाकडेच ठेवायला जागा नव्हती.

तेराव्यानंतरच्या सोमवारी आम्ही पुन्हा निघालो. आता अप्पा पुढे, मग मी, मग मॅडम. मला मनातून वाटलं होतं, आता वेग वाढेल. तसं वाटल्याची लाजही वाटली होती. पण वेग वाढला नाही. अप्पा साहेबांच्याच चालीने जात राहिले. दोन्ही ब्रेक दाबून, हँडल हलवत, साहेब जिथे दम घ्यायला थांबत तिथे थांबून. पुढचा रस्ता रिकामा. साहेब गेले, पण वेग त्यांचाच राहिला.

आम्ही मान देत होतो. रिक्त जागा लगेच भरू नये, असा अप्पांचा विचार असावा, असं मी मॅडमना म्हणालो. मॅडमना ते पटलं. असा विचार करणारा माणूस आपल्या ऑफिसात होता, याचं आम्हाला दोघांनाही बरं वाटलं.

हे बरेच आठवडे चाललं. मग एका सकाळी, ऊन चढू लागलं होतं, मॅडमना घरी पाहुणे यायचे होते. त्या मागून म्हणाल्या, "अप्पा, जरा पुढे घ्या ना. रस्ता मोकळा आहे."

अप्पांनी मागे वळून, ओठांवर बोट ठेवून, हळू आवाजात सांगितलं, "साहेबांना दम लागलाय. घाई करू नका."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी ब्रेक दाबले आणि साहेबांना पुढे जाऊ दिलं.

*

अमोलला मी सांगितलं. त्याला माहीत होतं. डॉक्टर झाले होते, मेंदूचा फोटो झाला होता, गोळ्या सुरू होत्या. गोळ्यांनी काय होईल, असं मी विचारलं. अमोल म्हणाला, "हळू होईल, काका." काय हळू होईल, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सायकल मात्र तेव्हा त्याने बंद केली नाही. पप्पा सायकलीवर असतात तेव्हा ते पहिल्यासारखे असतात, असं तो म्हणे. ते खरंच होतं. घरात त्यांना बाथरूमचा दिवा सापडत नसे. सायकलीवर गिअर बरोबर पडत.

मॅडम त्याच सुमाराला पुण्याला गेल्या. निघताना टोपलीची सायकल कामवाल्या बाईंना दिली आणि मला म्हणाल्या, "आता तुमच्यामागे कुणी नाही, वैद्य. तुम्ही सगळ्यात ज्युनिअर." रिक्षात बसेपर्यंत त्या हसत होत्या.

*

आता पिंपळगाव प्रकरण.

द्राक्षांचे दिवस होते. त्या सकाळी मी कोपऱ्यावर उभा, अप्पा नाहीत. घरी गेलो तर पूजा, अमोलची बायको, गॅलरीतून म्हणाली, "काका, ते तर केव्हाच गेले. तुमच्याकडे म्हणून." पार्किंगमध्ये सायकल नव्हती.

आम्ही लेण्यांपर्यंत बघून आलो. चिंचेपर्यंत बघून आलो. त्या खोल उताराच्या कडेला अमोल एकटाच गेला आणि परत आला. फोन अप्पांनी घरीच ठेवला होता. पोलीस चौकीत जायला निघणार, एवढ्यात अमोलचा फोन वाजला. पिंपळगाव बसवंतहून, द्राक्षांच्या एका पॅकहाउसमधून. अप्पांच्या शर्टाच्या खिशात पूजाने नंबर लिहून ठेवलेला असायचा.

मी अमोलच्या गाडीत बसलो. द्वारका, आडगाव, ओझर. रस्ता संपत नव्हता. प्रत्येक गाव गेलं, की अमोल एवढंच म्हणे, "इथपर्यंत आले?"

पॅकहाउसच्या दारात टेम्पो लागले होते. आत बायका द्राक्षांचे घड निवडत होत्या. अप्पा एका पालथ्या क्रेटवर, पायात घरातल्या स्लिपरा, हातात चहाचा कप, अगदी निवांत. घामसुद्धा नाही. सायकल भिंतीला टेकवलेली आणि तिच्याभोवती टेम्पोचे ड्रायव्हर उकिडवे बसून शॉकअप दाबून बघत होते.

त्यातला एक आम्हाला म्हणाला, "बाबा लय गोड बोलत्यात. आज देवळ्याला हजर व्हायचं हाय म्हने. ऑफिस उघडायच्या आत. आम्ही म्हटलं, बाबा, लांब हाय अजून, चहा घ्या."

देवळा म्हणजे अप्पांच्या नोकरीतली पहिली नेमणूक. मी त्यांना ओळखायच्या कितीतरी आधीची. त्या ड्रायव्हरशी ते अहिराणीत बोलत होते. "माले देवळाले जानं शे." ऑफिसात एवढी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी त्यांच्या तोंडून अहिराणीचा शब्द ऐकला नव्हता. त्यांना ती येते, हेच मला त्या दिवशी कळलं.

अमोलने वडिलांकडे पाहिलं नाही. तो सायकलीजवळ गेला, टायर दाबले, ब्रेक दाबले, साखळी फिरवली. बराच वेळ तो सायकल तपासत राहिला.

अप्पा उठून उभे राहिले आणि त्याला म्हणाले, "साहेब, उशीर झाला. गाडी चांगली होती, पण रस्ता लांब निघाला."

परतताना सायकल टेम्पोतून आली, रिकाम्या क्रेटच्या ढिगाऱ्यावर. अप्पा मागच्या सीटवर झोपले होते. ओझरजवळ अमोल मला म्हणाला, "काका, त्या सायकलीचा दोष एकच आहे. ती थकवत नाही. तुमच्या सायकलीवर असते तर द्वारकेपासून परत आले असते."

हे माझ्या सायकलीचं पहिलं कौतुक.

त्या संध्याकाळी साखळी आली आणि कुलूप आलं.

*

अप्पांनी आरडाओरडा केला नाही. ते तशातले नाहीत. त्यांनी अर्ज केला.

रेघांच्या कागदावर, डावीकडे समास सोडून. 'प्रति, सक्षम प्राधिकारी, श्री. अमोल सोनवणे.' मार्फत सौ. पूजा सोनवणे, कारण अर्ज योग्य मार्गाने गेला पाहिजे. मजकूर एवढाच, की अर्जदाराच्या ताब्यातील सायकल काढून घेण्यात आली आहे. अर्जदाराचं वय झालं आहे आणि त्याचे पाय अजून चांगले आहेत. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.

पूजाने तो गॅलरीत नेऊन अमोलला दिला. अमोलने वाचला आणि लॅपटॉपजवळच्या काचेच्या पेपरवेटखाली ठेवला. फाडणं त्याला शक्य नव्हतं. मंजूर करणंही.

मग रोज सकाळी, अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून अप्पा पूजाला विचारायचे, "आमच्या अर्जाचं काय झालं, मॅडम?"

पहिल्या दिवशी पूजा स्वयंपाकघरात जाऊन रडली. पुढे तिला सवय झाली. ती सांगायची, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." अप्पांना ते उत्तर बरोबर वाटायचं. मान हलवून ते हॉलमधल्या खुर्चीत जाऊन बसायचे, जेवायची वेळ होईपर्यंत. ऑफिसात आमच्यासमोर लोक जसे बसायचे, अगदी तसे: हात मांडीवर, पाय जुळवून, कुणाचं लक्ष जाईल म्हणून दाराकडे बघत.

मी मध्यस्थी केली. माझी सायकल तात्पुरत्या स्वरूपात अप्पांना द्यावी, गल्लीच्या आतच, मी शेजारून चालत राहीन. ही कुठेही पोहोचवणार नाही, याची हमी मी घेतो. अमोलला ते मान्य झालं. अप्पांनाही आनंद झाला. स्लिपरा काढून बूट घालून ते खाली आले.

गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ते गेले. मी बाजूने भरभर चालत होतो. कोपऱ्यावर नेहमीप्रमाणे साखळी पडली. अप्पा उतरले, सायकल माझ्या हातात दिली आणि अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "वैद्य, ही तुमची. तुम्हाला ठीक आहे. हिच्यावरून देवळ्याला पोहोचायचं नाही."

ते चालत परत गेले आणि खुर्चीत बसले.

अमोल मला खाली सोडायला आला. "तुम्ही असता तर काय केलं असतं, काका?" त्याने विचारलं. "कुलूप काढलं तर कधीतरी हायवेवर जातील. नाही काढलं तर तिथे बसून संपतील." नोकरीत मी फक्त सादर करायचो. निर्णय वरचे घ्यायचे.

*

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मी अप्पांकडे गेलो होतो. ते खुर्चीत नव्हते. गॅलरीत अमोलच्या टेबलाशी उभे होते. अमोल कानाला हेडफोन लावून कुणाशी तरी बोलत होता. अप्पांनी पेपरवेट उचललं, खालचा कागद घेतला, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचला. दोनदा वाचला असावा. मग कागद हातात घेऊन अमोलचं बोलणं संपेपर्यंत थांबले. अमोलने हेडफोन काढला.

"साहेब," अप्पा म्हणाले, "हे प्रकरण बरेच दिवस आपल्या टेबलावर आहे."

त्यांनी कागद अमोलसमोर धरला.

"माणूस वयस्कर दिसतो. अक्षर चांगलं आहे. रोज चकरा मारत असेल बिचारा."

अमोलने माझ्याकडे पाहिलं. मी दारातच उभा होतो. तो म्हणाला, "हो. रोज येतात. काय करावं कळत नाही. तुम्हीच सांगा."

अप्पांनी कागद पुन्हा पाहिला. सही पाहिली. ऑफिसात एखादं अवघड प्रकरण असलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे, तसा सरकवला.

"देऊ नये असं आपल्याला वाटत असेल, तर देऊ नका," ते म्हणाले. "आपला नाइलाज असेल. पण त्याला एकदम नाही म्हणून कळवू नका, साहेब. विचाराधीन आहे, असं सांगू. मी सांगतो त्याला."

कागदाची घडी उलगडली होती, ती त्यांनी पुन्हा नीट घातली, कागद टेबलावर ठेवला, वर पेपरवेट ठेवलं, आणि हॉलमध्ये येऊन खुर्चीत बसले.

अर्ज प्रलंबित आहे.